दत्तक, वय वर्षे सदुसष्ट

सोमवार, ६ जानेवारी

सुनंदा श्रीधर दातार, तू सांगितलेले काम आज हाती घेत आहे. विलंबाबद्दल क्षमस्व. उद्या तुला जाऊन चार महिने होतील.

रुग्णालयातील तुझे शब्द जसेच्या तसे: "अहो, मी गेल्यावर तुम्ही हे कोणाशी बोलणार? पैसे देऊन बोला, पण बोला. मावशी आहेत तोवर बोला. नंतर नुसते भिंतीशी बोलाल." मी "बरे" म्हटले. मी "बरे" म्हटले की ते काम होते, हे तू छत्तीस वर्षे जाणत होतीस. म्हणूनच वदवून घेतलेस.

"हे" म्हणजे काय, ते एकदा स्वच्छ लिहितो. पुढे कोणा अनोळखी माणसाला सांगावे लागणार आहे. सहाव्या वर्षी मला कल्याणच्या लेल्यांनी ठाण्याच्या दातारांना दत्तक दिले. विमल दातार ही थोरली बहीण, तिला मूल नव्हते. कमल लेले ही धाकटी, तिला दोन मुलगे. धाकटीने दुसरा मुलगा थोरलीला दिला. माधव लेले याचा श्रीधर दातार झाला. आई होती ती मावशी झाली, आणि मावशी होती ती आई. रीतसर होम झाला, कागद झाला. ठाण्याच्या आईने मला काहीही कमी केले नाही. तिला जाऊन सोळा वर्षे झाली.

मावशी डोंबिवलीस वसंतदादाकडे, तिच्या थोरल्या मुलाकडे, असते. एकोणनव्वद पूर्ण. सर्व नातलगांना सर्व माहीत आहे; बोलणे कोणाचेच नाही. तिच्याकडून परत आलो की दोन दिवस मला घास उतरत नाही, हे मात्र फक्त तुला माहीत होते.

आता कोणालाच नाही.

गुरुवार, ९ जानेवारी

आपल्या ऋताने बंगळूरूहून शोधून दिलेले समुपदेशन केंद्र. घोडबंदर रोड, उंच इमारत, अकरावा मजला. बसला एवढ्याशा अंतरास पन्नास मिनिटे लागली. दत्तक विषयातील तज्ज्ञ, अशी पाटी होती. उमेद वाटली.

छापील अर्ज दिला. मुलाचे नाव: श्रीधर दातार. मुलाचे वय: ६७. शाळा व इयत्ता: येथे थोडा विचार करून "निवृत्त" असे लिहिले.

अर्ज घेणारी मुलगी: "सर, मूल सोबत आणलं नाही का?"

"आणले आहे. आपल्यासमोर बसले आहे."

ती आत जाऊन विचारून आली. मॅडम बघतील, म्हणाली. पन्नास मिनिटांस तीन हजार रुपये; दर आठवड्यास; किमान बारा वेळा. तुझ्या आजारपणानंतर माझ्या निवृत्तिवेतनात हे बसणे शक्य नाही. आभार मानून उठलो. अर्ज परत मागून घेतला.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. आपल्याकडे यंदा सण नाही. दुपारी डोंबिवलीस गेलो. मावशी पावटे सोलत बसली होती. हातावर तिळगूळ ठेवून म्हणाली, "गोड बोल म्हणायची रीत आहे. पण तू मुळात बोलतोसच कुठे!"

मालतीवहिनी भिंतीला धरून चालतात. "भाऊजी, माझे गुडघे आता रजा मागतायत." वसंतदादा आतून: "रजा कसली, राजीनामाच दिलाय."

तीन तास बसलो. मावशीशी झालेले बोलणे: पावटे महागले, थंडी कमी झाली, ऋता बरी आहे.

रात्री जेवण नाही. उद्याही नसेल.

मंगळवार, २१ जानेवारी

सरकारी रुग्णालय, मानसोपचार विभाग. शुल्क नाममात्र. माझा क्रमांक त्रेपन्न. डॉक्टर तरुण आणि सभ्य. मी तारखेवार सांगावयास आरंभ केला; दत्तकविधानापर्यंत पोहोचलो तोच तो म्हणाला, "काका, पत्नी गेल्यावर जुनं सगळं वर येतं. झोप लागते का?" झोपेची गोळी लिहून दिली. त्याचा दोष नाही. माझ्या मागे चाळीस माणसे उभी होती.

गोळी घेतलेली नाही. झोपेची तक्रार मी केलीच नव्हती.

शुक्रवार, २४ जानेवारी

स्टेशनजवळचे एक समुपदेशक. माझ्याच वयाचे गृहस्थ. मुख्यत्वे विवाहविषयक काम. शुल्क परवडणारे. सर्व ऐकून घेतले व म्हणाले, "दातारसाहेब, ह्या वयात आता काय उकरून काढायचं? त्या माउलीला सुखाने जाऊ द्या."

येताना तलावपाळीवर अर्धा तास बसलो. कदाचित ते बरोबर असतील. तू असतीस तर म्हणाली असतीस, "त्यांना काय विचारता? त्यांना तरी कुठे दिलं होतं कोणी?"

गुरुवार, ३० जानेवारी

कल्याण. दत्तक देणारी एक जुनी संस्था, मार्गदर्शन विनामूल्य. गल्लीतून पायी जाताना लेल्यांच्या जुन्या बिऱ्हाडाची जागा लागली. तेथे आता तांदळाचे घाऊक दुकान आहे. थांबलो नाही.

टेबलामागे एक प्रौढ बाई. "दत्तक पालक का? मूल सोबत आणलंय?"

हा प्रश्न आता मला अपेक्षित होता. "मूल मीच आहे."

बाई आधी हसल्या. मग हसू थांबवून त्यांनी मला खुर्ची दिली. त्यांच्या नियमाप्रमाणे मार्गदर्शन पालकांना, आणि मुलांना अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत. मी ती मर्यादा ओलांडून एकोणपन्नास वर्षे झाली. तसे त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, "काका, सव्वीस वर्षं मी या खुर्चीत आहे. मूल स्वतः चालत आलेलं पहिल्यांदा बघतेय."

नियमात बसवता येईना, म्हणून त्यांनी एक नाव लिहून दिले. नेहा भोईर. याच संस्थेत दोन वर्षे शिकली. आता स्वतंत्रपणे, स्वतःच्या घरीच समुपदेशन करते. बाळकुम.

म्हणजे आपल्या घरापासून बसने वीस मिनिटे. तीन आठवडे मी सर्वत्र हिंडत होतो!

मंगळवार, ४ फेब्रुवारी

भेट १ ली.

चोहोबाजूंनी मोठमोठी संकुले आणि मध्ये जुन्या गावाचा एक तुकडा शिल्लक. बैठे घर, पुढे ओटा. ओट्यावर नेहाची आजी. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "बस र पोरा. चा पी." मला "पोरा" म्हणणारे माणूस जगात शिल्लक असेल असे वाटले नव्हते.

नेहा तिशीची असावी. मी आरंभीच स्पष्ट केले की दत्तक मूल मी आहे, वय सदुसष्ट, आणि बारा भेटींचा करार मला परवडणार नाही. ती म्हणाली, "काका, आधी बसा तरी! पंखा लावू?"

शुल्क: नोकरीतल्यांना आठशे, निवृत्तांना तीनशे, तेही जमत नसेल तर बोलून ठरवायचे. मी तीनशे मान्य केले व पावतीबद्दल विचारले.

"छापील नाहीये. हाताने लिहून देईन."

"चालेल. क्रमांक घालावा."

"घालते. तुमच्यापासून एक नंबर सुरू."

पावती क्र. १ या वहीत चिकटवली आहे. सुनंदा, जागा मिळाली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

भेट २ री. दत्तकपत्राची छायाप्रत, मुंजीची निमंत्रणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, सर्व क्रमवार लावून फाइल नेली होती. नेहाने ती उघडली नाही. पायाशी ठेवली.

"हे सगळं खरं आहे, मला मान्य. आता फाइलमध्ये नाही ते सांगा."

पन्नास मिनिटांपैकी सुमारे चाळीस मी गप्प होतो. तिने घड्याळाकडे पाहिले नाही. मी पाहत होतो.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

भेट ४ थी. आज सांगितले. जे तुझ्याखेरीज कोणालाही सांगितले नव्हते, ते.

तिला मातृभोजन म्हणजे काय ते आधी समजावून द्यावे लागले. त्यांच्याकडे मुंज नसते. मुलाची मुंज लागण्यापूर्वी आई त्याला आपल्या ताटात घेऊन शेवटचे जेवते. त्यानंतर तो बटू; आईच्या ताटात जेवायचे नाही. आणि ज्याची मुंज एका घरी झाली त्याला दुसऱ्या घरी दत्तक देत नसत. म्हणून माझे दत्तकविधान घाईने झाले आणि तिसऱ्या दिवशी ठाण्यास मुंज. होम, नव्या आईच्या मांडीवर बसवणे, नवे नाव, काहीच नीट कळले नव्हते. दोन दिवसांत सगळे विसरूनही गेलो असेन.

ताट मांडले. गुरुजी म्हणाले, "बाळ, आईजवळ बस." मी उठलो आणि जाऊन आईजवळ बसलो. म्हणजे, ती पंगतीत तूप वाढत होती. मी तिचा पदर धरून तेथेच खाली बसलो. सगळी पंगत हसली. कोणी म्हणाले, "अरे, ती मावशी!" तिने उजव्या हातातील तुपाचे भांडे खाली ठेवले नाही. डाव्या हाताने मला उचलले, दोन पाटांपलीकडे तिच्या बहिणीच्या शेजारी ठेवले, आणि पुढच्या पानावर तूप वाढले. धार मोडली नाही.

नेहाने खुर्ची थोडी पुढे घेतली. मग: "त्यांनी तुमच्याकडे पाहिलं?"

"नाही."

"तुम्ही जेवलात?"

"नाही. घास उतरला नाही."

हे वाक्य मी उच्चारले आणि मलाच ऐकू आले. एकसष्ट वर्षे डोंबिवली-कल्याणहून परतल्यावर माझा घास का उतरत नाही, हे मी, पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलेल्या माणसाने, ताडून पाहिले नव्हते.

रडलो. तू गेल्यानंतर प्रथमच. ओट्यावरच्या आजीने आत डोकावून विचारले, "काय झाला गो?" नेहा म्हणाली, "काही नाही गो आजी, काम चाललंय."

काम चाललंय. हे वाक्य मला अत्यंत आवडले. परतताना बस न घेता सबंध अंतर चालत आलो. घरी आल्यावर पिठले-भात केला. दोनदा वाढून घेतला.

मंगळवार, ४ मार्च

भेट ५ वी. नंतर ऋताचा दूरध्वनी. तिला अखेर सांगितले की नियमित जातो.

"बाबा, तुम्ही? आणि बोलता?"

"पावत्या आहेत."

ती इतकी हसली की शेवटी तिला नाक पुसावे लागले. मग हळूच: "मावशीआजी खरं तर माझी आजीच ना? आईने सांगितलं होतं मला. तुमच्यासमोर बोलायचं नाही असंही सांगितलं होतं."

तू सांगून ठेवले होतेस तर.

मंगळवार, १८ मार्च

भेट ७ वी. नेहाने समोर रिकामी खुर्ची ठेवली. तेथे मावशी बसली आहे असे समजून बोला, म्हणाली. मी नम्रपणे नकार दिला. खुर्चीशी बोलणे मला जमणार नाही. ती हसली व खुर्ची उचलून ओट्यावर ठेवून आली. आजीने ती ताबडतोब वापरात घेतली.

"बरं, मग सरळ विचारते. तुम्हाला त्यांच्याकडून काय हवंय?"

"काही नाही."

"काका, तुम्ही पाण्याच्या लॅबमध्ये होता ना? तिथे काही नको असताना कोणी बाटली भरून आणायचं का?"

मी तिला सांगितले की माझ्या टेबलावर रोज नमुन्याच्या बाटल्या येत. चिठ्ठीवर पाणी कोठून घेतले ते लिहिलेले नसेल तर मी नमुना तपासतच नसे. परत पाठवी. पाणी कितीही स्वच्छ असो.

"आणि तुमच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय?"

 उत्तर शेवटी दिले. तिला एकदा तो शब्द म्हणावा आणि तिने ओ द्यावी. एवढेच. सात वर्षांचा असताना सुटीत एकदा म्हटला होता, ती म्हणाली होती, "मी मावशी. आई ठाण्याला." त्यानंतर मी तो प्रयोग केला नाही.

अडचण मांडली: मावशीला तो शब्द दिला तर ठाण्याच्या आईचा तो काढून घेतल्यासारखे होईल. तिने काय वाईट केले?

नेहा: "तुमच्या मुलीला आज्या किती?"

"दोन."

"दोघींना काय म्हणायची?"

"आजी."

"भांडण झालं?"

 इतका साधा युक्तिवाद मला कसा सुचला नाही, याचे दिवसभर आश्चर्य वाटत राहिले. आनंदही.

रविवार, ३० मार्च

पाडवा. आपल्या दारी यंदा गुढी नाही. डोंबिवलीस जेवावयास बोलावले होते.

जेवणानंतर वसंतदादाने सांगितले: वहिनींच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया पुण्यास, त्यांच्या मुलीकडे. तेरा एप्रिलला निघणार. दोन महिने तरी परत येणे नाही. मावशीला जिना चढून पुण्याच्या घरी नेणे अशक्य. बदलापूरकडे वृद्धांना सांभाळणारे एक केंद्र आहे. तेथे बोलणे झाले आहे. हे सर्व मावशीच्या देखत. ती सुपारी कातरत होती.

मी म्हणालो, "ठाण्यास न्या. माझ्याकडे. लिफ्ट आहे."

वसंतदादा: "तू? श्री, तुला स्वतःला धड भात लावता येत नाही!"

"येतो आता."

"दोन महिने करणं म्हणजे चेष्टा नाही. लोक काय म्हणतील, दोन मुलगे असून..." आणि थांबला. "दोन मुलगे" हे शब्द या घरात प्रथमच उच्चारले गेले. वहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्या. सुपारी कातरण्याचा आवाज बंद झाला होता.

मला गॅलरीत नेऊन तो म्हणाला, "तुला वाटतं फक्त तुझंच गेलं. मी आठ वर्षांचा होतो. माझा भाऊ घेऊन गेले. रात्री कुशीला कोणी नाही. मला विचारलं का कोणी?"

सत्तरीला आलेला माणूस, गॅलरीच्या गजांना धरून. मी त्याचे धोतर वाळत घातलेले होते तिकडे पाहत राहिलो. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आम्ही असे काही करणारे लोक नव्हे. पण ठेवला.

"विचार तिलाच," तो म्हणाला. "ती हो म्हणाली तर ने. मी बदलापूरला 'नाही' कळवतो."

मंगळवार, ८ एप्रिल

भेट १० वी. शुक्रवारी तिला विचारायचे ठरले. वाक्य लिहून नेले होते: "आपण माझ्या घरी राहावयास यावे अशी माझी इच्छा आहे." नेहाने ते वाचून कागद परत दिला.

"हे काय, नगरपालिकेला अर्ज आहे? काका, 'आपण' कोण? तिला 'तू'च म्हणता ना?"

"होय."

"मग 'चल' म्हणा. आणि त्याच्या आधी तो शब्द. दोनच शब्द आहेत."

दोनच आहेत. परतताना बसमध्ये ओठांनी म्हणून पाहिले. शेजारच्या गृहस्थांनी मला जागा मोकळी करून दिली.

शुक्रवार, ११ एप्रिल

सुनंदा, म्हटला.

क्रमाने लिहितो. दुपारी चार. वसंतदादा औषधे आणावयास गेलेला. वहिनी आत पडलेल्या. मावशी गवार मोडत बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. गुडघे वाजले. ती म्हणाली, "खुर्ची घे की." मी म्हणालो, "आई, चल."

तिने हातातली शेंग मोडली. पुढची घेतली. तीही मोडली. मला वाटले, धार मोडणार नाही. तसेच होणार.

मग म्हणाली, "हे तुला कोणी शिकवलं?"

"पैसे देऊन शिकलो."

"किती?"

"तीनशे. दर खेपेस."

"एका शब्दाचे?" आणि हसली. दात नाहीत, त्यामुळे हसू डोळ्यांपर्यंत सरळ जाते. मग हसता हसताच पदर डोळ्यांना लावला. "विमलताईने वचन कधी मागितलं नव्हतं हो. मीच तिला वचन दिलं. तो तुझा, माझ्या तोंडून चुकूनही काही निघणार नाही. तिला आधीच धाकधूक, मुलगा परत धावत येईल म्हणून. मुंजीत धावलासच." पुढची शेंग घेऊन: "माधव म्हणायची सवय मोडायला मला दोन वर्षं लागली. मोरीचं दार लावून म्हणून घ्यायची. नळ सोडून."

मी म्हणालो, "तू तूप वाढत राहिलीस."

"मग काय भांडं टाकू? टाकलं असतं तर तुला सोडलं नसतं."

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा लिहून पाहिले. एकसष्ट वर्षे मला वाटत आले की तिने भांडे टाकले नाही कारण तिला काही वाटले नाही.

आतून वहिनींचा आवाज: "सासूबाई, कोणाशी बोलताय?"

"श्रीधर आहे!" मग मला, हळू: "येते मी ठाण्याला. पण चारचौघांत मावशीच म्हण हो. एवढी वर्षं सांभाळलं, आता लोकांना काय सांगत बसू?"

मी "बरे" म्हटले.

वसंतदादाला आल्यावर सांगितले. "हो म्हणाली?" एवढेच विचारून तो पिशवीतील औषधे एकेक करून टेबलावर मांडत बसला, मग सर्व पुन्हा पिशवीत भरली. गवारीची भाजी, आमटी, भात. मी तेथेच जेवलो. आमटी तिसऱ्यांदा मागितली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आज काय परीक्षा पास झालात का?"

"होय," मी म्हणालो.

शनिवार, १२ एप्रिल

घर सिद्ध केले. तुझी खोली तिला. स्नानगृहात धरावयाचा दांडा बसविला. तुझ्या साड्या मधल्या कपाटात हलविल्या. घड्या मोडल्या नाहीत. डबेवालीस दोन डबे सांगून मग एक रद्द केला. भात, आमटी, पिठले मी करू शकतो. मऊ भाताचे पाण्याचे प्रमाण ठरविण्यासाठी तीन वेळा करून पाहिले. तिसरा उत्तम.

नेहास कळविले. तिचा संदेश: "काका!!! आजी विचारते, पोराची आय कवा आणता बाळकुमला?"

भेटी चालू ठेवणार आहे. घास उतरू लागला म्हणून काम संपले असे नेहा मानत नाही, मीही नाही. तू गेल्याचे तर अजून आरंभिलेलेच नाही.

रविवार, १३ एप्रिल

डोंबिवली, सकाळी साडेआठ. वसंतदादा व वहिनी पहाटेच पुण्यास गेले होते. किल्ल्या शेजारच्या सौ. फडके यांच्याकडे ठेवल्या होत्या; त्या घेतल्या. गॅस, नळ, खिडक्या तपासल्या. मावशीचे सामान: एक पिशवी, औषधांचा डबा आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली विळी. "तुमच्याकडे सुरीने चिरतात. मला नाही चालत."

दारातून तिला हात धरून बाहेर काढले. सौ. फडके निरोप द्यावयास उभ्या. सोबत त्यांची सून, आणि वरच्या मजल्यावरून उतरणारे एक जोडपे. चारचौघे म्हणतात ते अक्षरशः चौघे.

"आजी, निघालात? भाच्याकडे का? बरं झालं हो."

मी बोलण्यासाठी तोंड उघडले. काय बोलणार होतो ते मला आता आठवत नाही. बहुधा "होय" असेच.

मावशी म्हणाली, "भाच्याकडे नाही. मुलाकडे."

"पण वसंतकाका तर पहाटेच पुण्याला..."

"वसंत थोरला. हा धाकटा."

 जोडपे जिन्यातच थांबले. सौ. फडके यांनी माझ्याकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले, पुन्हा माझ्याकडे. "मग आजी, परत कधी?"

मावशीने माझ्याकडे पाहिले. मी तिच्याकडे. याबद्दल आमचे काहीच बोलणे झालेले नाही. वसंतदादा दोन महिने म्हणाला होता. तिने आकडा उच्चारलेला नाही, मीही नाही. लिफ्ट वर आली. तिने माझा हात सोडून लिफ्टचा दांडा धरला व म्हणाली, "कुलूप नीट लाव. वसंत विसरतो."

कुलूप लावले. दोनदा ओढून पाहिले. किल्ल्या सौ. फडके यांना परत दिल्या.